संकल्पाची रोजकीर्द

बेळगावात ३१ डिसेंबरची रात्र ही ‘ओल्डमॅन’ची रात्र असते, हे या अंकाच्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. जुन्या पँट-शर्टात गवत आणि कागद कोंबून केलेला हा म्हातारा डिसेंबरच्या अखेरीस कॅम्पात विक्रीला उभा राहतो. गल्लीतली मुले येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून त्याच्या नावाने वर्गणी मागतात, आणि बाराच्या ठोक्याला फटाक्यांच्या आवाजात तो जळून जातो. मी मूळची निपाणीची. शिक्षणासाठी वडगावला मामांच्या घरी राहते. निपाणीत हा प्रकार एवढ्या थाटाने मी पाहिला नव्हता. त्यामुळे २०२४ सालच्या ३१ डिसेंबरला गल्लीतल्या पोरांबरोबर मीही ओल्डमॅन पाहायला उभी राहिले. जुने वर्ष जळाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरात येऊन एका पतसंस्थेची फुकट मिळालेली डायरी उघडली आणि पहिल्या पानावर नव्या वर्षाचे संकल्प लिहिले.

ते संकल्प एकूण सात होते. पहाटे पाचला उठणे, इंग्रजी सुधारणे, रोज व्यायाम, मोबाइल कमी वापरणे, अभ्यास नियमित करणे, अवांतर वाचन आणि बचत. अक्षर इतके सुंदर काढले होते की मामींनी ते पान शेजारच्या काकूंना नेऊन दाखवले. पुढे काय झाले ते वाचकांनी ओळखलेच असेल. पहाटे पाचचा संकल्प तीन दिवस टिकला. व्यायाम पाचव्या दिवशी संपला. संक्रांतीला तिळगूळ वाटेपर्यंत सातांतला एकही जिवंत नव्हता. डायरी मात्र पुढे वर्षभर उपयोगी पडली. मामी तिच्यात दुधाचा हिशेब लिहीत होत्या.

हसू नका मित्रहो! तुमच्यातल्या कितीजणांची डायरी आज दुधाच्या हिशेबाला लागली आहे, हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे. अमेरिकेत जॉन नॉरक्रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात नववर्षाचे संकल्प करणाऱ्या दोनशे लोकांचा दोन वर्षे पाठपुरावा केला होता. एका आठवड्यानंतर ७७ टक्के लोक आपल्या संकल्पाला धरून होते; दोन वर्षांनंतर फक्त १९ टक्के उरले. म्हणजे हा रोग काही आपल्या सीमाभागापुरता नाही. सातासमुद्रापलीकडेही डायऱ्यांची तीच गत आहे.

हे आकडे ऐकून माझे काही वर्गमित्र म्हणतात, “मग संकल्प करायचाच कशाला? न केलेला संकल्प मोडत नाही.” बोलायला वाक्य छान आहे. पण वाणिज्य शाखेत शिकणाऱ्याने असे म्हणू नये असे मला वाटते. अंदाज चुकतात म्हणून कुणी अंदाजपत्रक मांडायचे सोडत नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली तफावत का पडली, हे शोधणे हेच तर आपले शास्त्र. तेव्हा माझ्या सात संकल्पांची तफावत मीच शोधायला बसले. त्या शोधात जे हाती लागले, ते या लेखात मांडते आहे.

पहिली गोष्ट आपल्या भाषेतच दडलेली आहे. मराठीत आपण संकल्प ‘सोडतो’. पूजेला बसलेला यजमान तळहातावर पाणी घेऊन ताम्हनात सोडतो, तेव्हा संकल्प सोडला असे म्हणतात. आणि एखाद्या गोष्टीवर ‘पाणी सोडणे’ म्हणजे तिची आशा सोडून देणे, हेही मराठीच! आपण बहुतेक जण पहिला अर्थ मनात धरून सुरुवात करतो आणि दुसऱ्या अर्थावर येऊन थांबतो.

पण त्या पूजेतल्या संकल्पाकडे जरा बारकाईने पाहा. गुरुजी यजमानाकडून काय काय म्हणवून घेतात? शके कोणते, संवत्सर कोणते, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. कोणत्या देशात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर. मग यजमानाचे गोत्र आणि नाव. आणि एवढे सगळे झाल्यावर शेवटी, आज मी कोणते कर्म करणार. केव्हा, कुठे, कोण आणि काय हे चारही प्रश्न त्यात आले. श्रद्धा असो वा नसो, हा मसुदा चोख आहे हे मानावेच लागेल. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली याच प्रकारची गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली आहे. केव्हा, कुठे आणि कसे करणार हे आधी ठरवून ठेवणाऱ्याच्या हातून ते काम होण्याचा संभव अधिक असतो, असे त्याचे म्हणणे. माझ्या डायरीत ‘इंग्रजी सुधारणे’ एवढेच लिहिले होते. केव्हा सुधारणार? कुठे बसून? किती? कशाचाच पत्ता नव्हता.

आपल्या आज्या-पणज्या या बाबतीत आपल्यापेक्षा शहाण्या होत्या. चातुर्मासात त्या नेम धरायच्या. कुणी चार महिने कांदा-लसूण सोडायची, कुणी रोज एक अध्याय वाचायची, कुणी एक वेळ जेवायची. नेम एकच, छोटा आणि मुदतीचा. आषाढीला सुरू, कार्तिकीला समाप्त आणि शेवटी उद्यापन. जन्मभर पहाटे पाचला उठेन अशी प्रतिज्ञा कुणी केल्याचे ऐकिवात नाही. चार महिन्यांची मुदत डोळ्यासमोर असली की माणूस तिच्या टोकापर्यंत चालतो. टोकच दिसत नसेल तर तो पहिल्याच वळणावर बसतो.

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता. संकल्प छोटा करा, वेळ ठरवा, मुदत घाला. पण असा नेमका, मोजून-मापून केलेला संकल्पही मोडतो. त्याचे एक मोठे उदाहरण आपल्याच गावात घडले आहे, आणि तेही डिसेंबर अखेरीसच.

ज्या काँग्रेस रोडवरून आपण ये-जा करतो, त्याला ते नाव का पडले हे सर्वांना ठाऊक आहे. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी बेळगावात राष्ट्रीय काँग्रेसचे ३९ वे अधिवेशन भरले. गंगाधरराव देशपांडे यांनी त्यासाठी अपार खटपट केली. अधिवेशनाला आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे. महात्मा गांधी काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसले ते आयुष्यात एकदाच, आणि ते या अधिवेशनात. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची शताब्दी झाली तेव्हा शहर दिव्यांनी उजळले होते. माझे सात संकल्प मी लिहिले ते त्याच आठवड्यात.

त्या अधिवेशनात पुष्कळ गोष्टी ठरल्या. त्यांतल्या एका ठरावाबद्दल शताब्दीच्या भाषणांत मला फारसे ऐकायला मिळाले नाही. तोपर्यंत काँग्रेसचे सभासद व्हायला वर्षाला चार आणे वर्गणी पुरत असे. बेळगावात ठरले की सभासदाने चार आण्यांऐवजी सूत द्यायचे. दरमहा २,००० वार, म्हणजे वर्षाला २४,००० वार, आणि तेही स्वतः कातलेले. देशासाठी काम करायचे म्हणतोस ना, मग रोज थोडा वेळ चरख्यावर बसून दाखव, असा त्यामागचा हेतू. संकल्प कसा असावा याचा हा नमुनाच म्हणायला हवा. आकडा स्पष्ट, मुदत स्पष्ट, काम हाताने करण्याचे आणि मोजून घेण्याचे.

पण त्याच ठरावात एक फट होती. आजारपणामुळे, किंवा इच्छा नसल्यामुळे, किंवा अशाच दुसऱ्या कारणाने ज्याला कातणे जमणार नाही, त्याने दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत दिले तरी चालेल! चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्या स्वराज्य पक्षाशी जुळवून घेताना झालेली ही तडजोड होती. मनापासून कातायला तयार नसलेले लोकही संघटनेत हवे होते, म्हणून ती करावी लागली. परिणाम काय झाला? नऊ महिनेही पुरे झाले नाहीत. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला अखिल भारतीय काँग्रेस समितीने ही अट सैल केली. चार आणे द्या, नाहीतर वर्षाला २,००० वार सूत द्या. जे महिन्याचे माप होते ते वर्षाचे झाले, आणि तेही ऐच्छिक. ज्यांना खरोखर कातायचे होते त्यांच्यासाठी त्याच बैठकीत चरखा संघ ही वेगळी संस्था निघाली.

हा इतिहास वाचून मी बराच वेळ विचार करत बसले. आकडा होता, मुदत होती, हिशेब होता, आणि सांगणारा साक्षात गांधी होता. तरीही संकल्प का टिकला नाही? मला सुचलेले उत्तर असे की तो अनेकांचा स्वतःचा संकल्प नव्हताच. आकडा बरोबर असला तरी सूत विकतचे आणता येत होते. गांधीजींनी स्वतः अखेरपर्यंत चरखा सोडला नाही, कारण तो त्यांचा होता. गंगाधररावांनीही पुढे आपल्या हुदली गावी खादीचे काम रुजवले. १९३७ साली गांधीजी तिथे येऊन राहून गेले, आणि हुदलीत आजही खादी तयार होते. देशभराचा ठराव नऊ महिन्यांत ढिला पडला. बेळगावपासून तासाभराच्या वाटेवरच्या एका खेड्यात मात्र तो चालू राहिला. कारण तिथे कुणीतरी तो आपला मानला होता.

आता दुसरे उदाहरण देते. ते इतिहासातले नाही, माझ्या घरातले आहे. ते द्यावे की नाही याचा मी खूप विचार केला, पण ते वगळून हा लेख खरा होणार नाही.

माझी आई निपाणीला विड्या वळते. सकाळची कामे आवरली की सूप मांडीवर घेऊन ती भिंतीला टेकून बसते. भिजवलेली पाने पत्र्याच्या मापाने कापायची, त्यांत तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. पंचवीस विड्यांचे एक बंडल आणि चाळीस बंडले झाली की एक हजार. मजुरी हजारावर मिळते. घरी पाहुणे येवोत, ताप येवो, सण असो, संध्याकाळी आई बंडले मोजते. तपासणारा माणूस त्यांतल्या काही विड्या वाईट म्हणून बाजूला काढतो. त्या वळायला गेलेला वेळ कुणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

लहानपणी मला आईच्या चिकाटीचे फार कौतुक वाटायचे. हायस्कूलमध्ये एका भाषणात मी ‘ध्येयनिष्ठेचे उदाहरण म्हणजे माझी आई’ असेही म्हटले होते आणि टाळ्या मिळवल्या होत्या. घरी येऊन आईला मोठ्या अभिमानाने ते सांगितले. ती हातातले काम न थांबवता म्हणाली, “ध्येय कसलं गं पोरी? न्हाई वळलं तर खायाचं काय?”

त्या वाक्याचा अर्थ मला कॉलेजात आल्यावर कळला. आईचा आकडा रोज पुरा होतो, वर्षानुवर्षे होतो. कोणत्याही मोठ्या माणसाच्या चरित्रात शोभावे इतके सातत्य तिच्यात आहे. पण तो आकडा तिने ठरवलेला नाही. गरजेने ठरवला आहे. त्याला ध्येय म्हणून टाळ्या वाजवणे म्हणजे तिच्या दुखऱ्या पाठीचा अपमान आहे. विडी कामगारांच्या घरांतल्या माझ्यासारख्या पुष्कळ मुली याच कॉलेजात आहेत. त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. नववर्षाला आपला संकल्प आपण ठरवायचा, ही चैन आमच्या घरात माझ्याच वाट्याला पहिल्यांदा आली आहे. म्हणून तिची थट्टा माझ्याने होत नाही, आणि ती वाया घालवण्याचा मला हक्क आहे असेही वाटत नाही.

तर वाणिज्य शाखेच्या सवयीप्रमाणे हे तिन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहू. माझे सात संकल्प माझे स्वतःचे होते, पण त्यांना माप नव्हते. ते चौदा दिवसांत संपले. बेळगावच्या ठरावाला माप होते, पण तो पुष्कळांचा स्वतःचा नव्हता. तो नऊ महिन्यांत ढिला झाला. आईच्या हजाराला मापही आहे आणि सातत्यही, पण तो तिने निवडलेला नाही. तो टिकतो, पण तिला मोकळे करत नाही. म्हणजे संकल्प आपला हवा आणि मापाचाही हवा. यांतले एक नसेल तर तो टिकत नाही. टिकलाच तर ओझे होऊन टिकतो.

हे शहाणपण मला बसल्या जागी सुचले नाही. मार्च २०२५ मध्ये पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि एका विषयात मी नापास झाले. दहावीपर्यंत माझे सगळे शिक्षण मराठी माध्यमात झाले. कॉलेजात पुस्तके इंग्रजी, व्याख्याने इंग्रजी, पेपर इंग्रजी. आकडेमोड यायची, पण सिद्धांताचा प्रश्न आला की पेन थांबायचे. घरी निकाल सांगितला तेव्हा वडील काही बोलले नाहीत. मात्र आत्याने सुचवले की शिकून झाले तेवढे पुरे, आता एखादे स्थळ पाहायला हरकत नाही. आईने विषय बदलला. पण तो विषय फार दिवस बदललेला राहणार नाही, हे मला कळत होते.

माझ्याच बाकावर बसणारी माझी एक मैत्रीण आहे, बैलहोंगलकडची. ती कन्नड माध्यमातून आलेली. तीही त्याच विषयात नापास झाली होती. आमच्या दोघींच्या भाषा वेगळ्या, पण दुखणे एकच! आम्ही ठरवले की रोज पुस्तकाचे एक पान वाचायचे. एकच. मग पुस्तक मिटून त्या पानाचा आशय स्वतःच्या इंग्रजीत पाच वाक्यांत लिहायचा. तिने मनातल्या मनात कन्नडात समजून घ्यावे, मी मराठीत, पण लिहायचे इंग्रजीत. शेवटच्या तासानंतर ग्रंथालयात, खिडकीजवळच्या टेबलाशी. सुट्टीच्या दिवशी आपापल्या घरी. सुरुवात गुढीपाडव्याला आणि मुदत दिवाळीच्या पाडव्यापर्यंत. तिच्यासाठी ती युगादी आणि बलिपाड्यमी. दिवस तेच. चुलत्यांच्या दुकानातली एक जुनी हिशेबाची वही मी आणली आणि तिच्यावर आम्ही दोघींची कीर्द मांडली. पान वाचले तर तारखेपुढे नोंद, नाही वाचले तर रिकामी जागा. एकीची नोंद दुसरीने तपासायची. ती माझ्या नोंदीपुढे कन्नडात ‘सरि’ लिहायची आणि मी तिच्या नोंदीपुढे मराठीत ‘बरोबर’.

३० मार्चपासून २२ ऑक्टोबरपर्यंत २०७ दिवस झाले. त्यांत माझ्या नोंदी १४९. रिकाम्या जागा ५८. मैत्रिणीच्या माझ्यापेक्षा अकरा नोंदी जास्त, हे तिने इथे छापायला सांगितले आहे.

या ५८ रिकाम्या जागांबद्दल दोन शब्द सांगते, कारण माझ्या मते सगळे गुपित तिथेच आहे. डायरीतला संकल्प एकदा मोडला की तो मोडलाच. चौथ्या दिवशी पाचला जाग आली नाही म्हणून पाचव्या दिवशी गजर लावलाच नाही. पण कीर्दीची रीत तशी नसते. एखाद्या दिवशी दुकान बंद राहिले म्हणून व्यापारी वही जाळत नाही. दुसऱ्या दिवसाची तारीख टाकतो आणि पुढे लिहितो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांच्या सवयींचा अभ्यास करून २०१० साली तो प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे त्यांना आढळले. कुणाला १८ दिवसांत जमेल असा हिशेब निघाला, तर कुणाला २५४ लागतील असा. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही दिसले. वर सांगितलेल्या नॉरक्रॉसच्या अभ्यासातही, जे दोन वर्षे टिकले त्यांच्यातले निम्म्याहून अधिक लोक मधून मधून घसरले होतेच. फरक इतकाच की घसरल्यावर ते पुन्हा उभे राहिले. रिकामी जागा लिहून ठेवायला धीर लागतो. ती लिहिली, की मात्र दुसऱ्या दिवशी हात आपोआप पुढच्या ओळीवर जातो.

निकाल सांगायचा तर राहिलेला विषय आम्ही दोघी पास झालो. मला ५३ गुण पडले. सुवर्णपदकाची बातमी नाही ही. पण वर्गात सरांना इंग्रजीत प्रश्न विचारायला मी आता उभी राहते, आणि व्याकरण चुकले तर चुकू देते. आत्याने स्थळाचा विषय सध्या काढलेला नाही. पहाटे पाचला उठणे अजून जमलेले नाही, आणि त्याचे मला आता वाईटही वाटत नाही. तो संकल्प मुळात माझा नव्हताच. यशस्वी माणसे पहाटे उठतात असे कुठेतरी वाचले होते, म्हणून तो यादीत आला होता.

आणि इथेच माझ्या वर्गमित्रांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्या याद्यांत विकतचे सूत किती आहे? शेजारचा सी.ए.ला बसला म्हणून आपण बसतो. मामेभाऊ बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जातो म्हणून आपण पैसे भरतो. मोबाइलवर कुणीतरी सांगतो की वर्षाला पन्नास पुस्तके वाचा, म्हणून आपण पन्नास लिहितो आणि संकल्पाच्या पानाचा फोटो सर्वांना पाठवतो. पाठवला की अर्धे काम झाल्यासारखे वाटते. बँकेची परीक्षा वाईट आहे किंवा सी.ए. होऊ नये असे माझे म्हणणे नाही. आमच्यासारख्या घरांत नोकरी ही गरज आहे. पण जे रोज हाताने कातायचे आहे, ते मला कातावेसे वाटते का, एवढे तरी स्वतःला विचारावे. विचारून उत्तर ‘नाही’ आले, तर दुसरे काहीतरी निवडावे आणि ते रोज करावे.

प्राध्यापकवर्गालाही एक विनंती आहे. ‘मुलांना ध्येय नाही’ असे आपण व्याख्यानांत म्हणता. ध्येय पुष्कळांना असते, पण ते घेऊन बसायला जागा नसते. दोन खोल्यांच्या घरात, टीव्हीच्या आवाजात आणि पाठच्या भावंडांच्या गोंगाटात एक पान वाचणेसुद्धा सोपे नाही. आपले ग्रंथालय संध्याकाळी आणखी एक तास उघडे राहिले, तर खिडकीजवळच्या टेबलाशी आमच्यासारख्या आणखी चार जोड्या बसतील. ध्येयावरच्या चार व्याख्यानांपेक्षा त्या एका तासाचा उपयोग जास्त होईल, असे माझे नम्र मत आहे.

असो. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पाडवा जवळ आलेला असेल आणि जानेवारीतले बहुतेक संकल्प निजधामाला गेलेले असतील. त्याबद्दल शोक करू नये. आपल्या भागात नववर्षांची टंचाई नाही. एक जानेवारी गेली तर युगादी आहे. तीही चुकली तर एक एप्रिलला सरकारचे आर्थिक वर्ष सुरू होते. मग कॉलेजचे नवे वर्ष, आणि शेवटी वहीपूजनाचा दिवाळी पाडवा. वही कोणत्याही तारखेला उघडता येते.

लहानपणापासून आपण ‘थेंबे थेंबे तळे साचे’ असे म्हणत आलो. माझ्या मैत्रिणीकडून मी त्याची कन्नड जोड शिकले. ‘हनि हनि कूडिदरे हळ्ळ, तेने तेने कूडिदरे बळ्ळ.’ थेंब थेंब मिळून ओढा होतो, आणि कणीस कणीस मिळून बळ्ळ होते. बळ्ळ म्हणजे धान्य मोजायचे माप. मराठी म्हण तळे साचल्यावर थांबते. कन्नड म्हण पुढे जाऊन ते मापाने मोजून घेते. दोन्ही भाषा येत असल्याचा एवढा फायदा तरी आपण सीमाभागातल्या मुलांनी करून घ्यावा.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा ती वही मी आईला दाखवली. तिला इंग्रजी येत नाही. तिने पाने उलटली, नोंदींवरून बोट फिरवले आणि बंडले मोजावीत तशा मोजल्या. मग रिकाम्या जागांवर बोट ठेवून विचारले, “ह्या कुणी काढून टाकल्या?” मी म्हटले, “कुणी नाही गं. त्या माझ्याच राहिल्या.” ती म्हणाली, “मग बरं हाय. तुझं तुलाच भरून काढता येतंय.”

नव्या वहीत पाडव्यापासून मी पुन्हा तारखा टाकणार आहे. या खेपेला रोज दीड पान.

(बी.कॉम., चौथे सत्र)